वलंदेजांचे पाणी आणि जतचे पाणी

(जत येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे हा दिनक्रमाचा भाग झाला, त्या तालुक्यात समुद्रसपाटीखाली वसलेल्या एका देशाची कथा सांगणे काहीसे विसंगत वाटेल. परंतु जत आणि नेदरलँड्स यांचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. सांगली जिल्ह्यातील निर्यातक्षम द्राक्षे थंड कंटेनरमध्ये बंद होऊन जहाजाने निघतात, तेव्हा त्यातील बहुतेक माल रॉटरडॅमच्या बंदरात उतरतो. भारतीय द्राक्षांचा सर्वांत मोठा ग्राहक हाच देश आहे. तेथील लोक एवढी द्राक्षे खातात असे नव्हे. ती घेऊन जर्मनीपर्यंत आणि त्याही पलीकडे विकण्याचे कसब त्यांच्याजवळ आहे.

संबंध याहूनही जुना आहे. आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांना 'वलंदेज' म्हटले आहे, ते हेच डच लोक. १६०२ मध्ये त्यांनी पूर्वेकडील व्यापारासाठी कंपनी स्थापन केली आणि १६३७ च्या सुमारास आदिलशाहीच्या संमतीने वेंगुर्ल्यात वखार घातली. तिचे अवशेष आजही तेथे उभे आहेत. जतचा मुलूखही त्याच विजापूर दरबारच्या अमलाखाली होता. पुढे डफळे घराण्याचे संस्थान येथे नांदले आणि १९४८ मध्ये ते भारतीय संघराज्यात विलीन झाले.

खालची भूमी

'नेदरलँड्स' या नावाचा अर्थच 'खालची भूमी' असा आहे. क्षेत्रफळ सुमारे साडेएकेचाळीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढे. त्यातही बराच भाग पाण्याने व्यापलेला. लोकसंख्या सुमारे एक कोटी ऐंशी लाख. देशाची सव्वीस टक्के भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे. नद्यांच्या पुराचा धोका असलेली भूमी त्यात मिळवली, तर निम्म्याहून अधिक देश पाण्याच्या भीतीखाली जगतो, असे म्हणावे लागते. सर्वांत खोल जागा समुद्रसपाटीखाली जवळजवळ पावणेसात मीटर आहे. युरोपीय मुख्यभूमीवरील त्यांचा सर्वोच्च 'पर्वत' अवघा ३२२ मीटर उंचीचा. सह्याद्री पाहिलेला माणूस त्याला टेकडीदेखील म्हणणार नाही.

या देशाला ऱ्हाईन, म्यूझ आणि शेल्ट या तीन नद्या मिळतात. या तिन्ही नद्या दुसऱ्या देशांत उगम पावतात आणि तेथील पाणी, गाळ व घाण बरोबर घेऊन येतात. पश्चिमेकडून उत्तर समुद्राची वादळे येतात आणि आकाशातून बारा महिने थोडा थोडा पाऊस पडत असतो. अशा देशात जमीन कोरडी ठेवणे हेच पहिले राष्ट्रीय कार्य ठरले. बांध घालायचा, आतले पाणी उपसून बाहेरच्या कालव्यात टाकायचे आणि उघडी पडलेली जमीन कसायची, अशी ही रीत. अशा जमिनीला ते 'पोल्डर' म्हणतात. पूर्वी उपशाचे काम पवनचक्क्या करीत. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेकडील बेम्स्टर हे सरोवर १६१२ मध्ये अशाच पवनचक्क्यांनी कोरडे केले गेले. पुढे वाफेचे पंप आले आणि १८५२ पर्यंत हार्लेमचे अवाढव्य सरोवर आटविण्यात आले. ॲमस्टरडॅमचा विमानतळ त्या सरोवराच्या तळावर उभा आहे. १९३२ मध्ये समुद्राच्या एका आखाताच्या तोंडावर बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध पूर्ण झाला. आतील पाणी हळूहळू गोडे झाले आणि त्यातूनच पुढे फ्लेवोलँड हा संपूर्ण नवा प्रांत निर्माण झाला.

फावडे रोवण्याचा नियम

पर्यटक पवनचक्क्या पाहून परततात. त्यांच्यामागे उभी असलेली संस्था मात्र त्यांना दिसत नाही. बांध एकट्या शेतकऱ्याला घालता येत नाही आणि शेजाऱ्याने आपल्या वाट्याचा बांध कच्चा ठेवला तर सगळा गाव बुडतो. या अनुभवातून तेराव्या शतकात तेथे जलमंडळे उदयास आली. ऱ्हाईनलँडच्या मंडळाचा दाखला १२५५ पासून मिळतो. ज्या काळी तेथे लोकशाही राज्य नव्हते, त्या काळी शेतकरी एकत्र बसून बांधाची लांबी वाटून घेत, पाहणी करीत आणि कुचराई करणाऱ्याला दंड ठोठावीत.

त्या काळचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्याला आपल्या वाट्याच्या बांधाची डागडुजी झेपत नसे, त्याने आपले फावडे बांधात रोवून निघून जायचे. त्याचा जमिनीवरील हक्क तेथेच संपे. जो ते फावडे उपटून घेई, त्याला जमीन मिळे आणि बांधाची जबाबदारीही. हक्क आणि कर्तव्य एकाच फावड्याच्या दांड्याला बांधलेले असत. नियम कठोर होता; परंतु त्यामागे शतकानुशतके टिकलेला एक करार होता. पाण्याचा लाभ ज्याला हवा, त्याने पाण्याचा भार उचलावा, हा तो करार.

आज त्या देशात एकवीस जलमंडळे आहेत. त्यांची निवडणूक दर चार वर्षांनी होते. बहुतेक सदस्य सामान्य मतदार निवडतात, तर काही जागा शेतकरी आणि निसर्गसंवर्धन यांच्या प्रतिनिधींसाठी राखीव असतात. मंडळाला स्वतःचा कर लावण्याचा अधिकार आहे आणि प्रत्येक कुटुंब दरवर्षी तो कर भरते. तो पैसा बांध, पंप, कालवे आणि सांडपाण्याचे शुद्धीकरण यांवरच खर्च होतो. निवडणुकीत सत्ता कोणाचीही येवो, पंपाच्या देखभालीचा निधी त्यामुळे अडत नाही.

१९५३ चा धडा

ही व्यवस्थाही एकदा कोलमडली होती. १९५३ मध्ये ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्रात प्रचंड वादळ उठले. नैर्ऋत्येकडील झीलँड भागातील बांध फुटले आणि १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. बांध कमकुवत असल्याचा इशारा योहान फान फेन या अभियंत्याने आधीच देऊन ठेवला होता. परंतु महायुद्धानंतरच्या ओढगस्तीत त्याकडे दुर्लक्ष झाले. शिवाय त्या काळी देशात अडीच हजारांवर लहान-लहान जलमंडळे होती. अनेकांजवळ ना पैसा, ना अभियंते. स्थानिक निष्ठा होती. सामर्थ्य मात्र तोकडे पडले.

त्यानंतर तीन गोष्टी घडल्या. पूर ओसरून महिना होण्याच्या आत 'डेल्टा' आयोग नेमला गेला. त्याच्या शिफारशींवर समुद्राची तोंडे बंद करण्याचे काम चार दशकांहून अधिक काळ अखंड चालले आणि १९९७ मध्ये रॉटरडॅमजवळच्या अजस्र फिरत्या दरवाजांनी त्याची पूर्तता झाली. दुसरे, लहान मंडळे टप्प्याटप्प्याने एकत्र करून सक्षम करण्यात आली. तिसरे, १९५४ मध्ये या मंडळांना स्वस्त कर्ज देण्यासाठी स्वतंत्र बँक स्थापन झाली. मधल्या काळात कितीतरी सरकारे आली आणि गेली. काम मात्र थांबले नाही.

दोन दाणे पिकविणारा आणि दहा विकणारा

या देशाचे अर्थकारण भूगोलातूनच उगवले आहे. नद्यांच्या मुखाशी असल्यामुळे युरोपच्या अंतर्भागात जाणारा माल येथूनच जातो. रॉटरडॅम हे युरोपातील सर्वांत मोठे बंदर. १९६२ पासून २००४ पर्यंत ते जगातही पहिले होते. आजही तेथे वर्षाला सुमारे त्रेचाळीस कोटी टन मालाची उलाढाल होते. शेतमालाच्या निर्यातीत हा चिमुकला देश दीर्घकाळ अमेरिकेपाठोपाठ जगात दुसरा राहिला. त्यातील मोठा हिस्सा इतरांकडून घेतलेल्या मालाच्या फेरविक्रीचा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. शीतगृहे, प्रतवारी, तपासणी, वेळेवर पोच आणि शब्दाची पत, एवढ्यावर त्यांचा व्यापार चालतो.

याची किंमत आपल्या बागाईतदारांनी मोजलेली आहे. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत 'क्लोरमेक्वाट' या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि युरोपात पोहोचलेले कंटेनर अडकून पडले. महाराष्ट्रातील शेकडो कुटुंबांचे वर्ष त्यात वाया गेले. दूरच्या बंदरात बसलेला तपासनीस आपल्या फवारणीच्या नोंदवहीचा खरा वाचक असतो, हे तेव्हा सर्वांना कळले.

शेतीमागे संशोधन उभे आहे. वागेनिंगेन येथील कृषिशाळा १८७६ मध्ये सुरू झाली आणि आज ती जगातील अग्रगण्य कृषी विद्यापीठांत गणली जाते. काचगृहांच्या छतावर पडलेले पावसाचे पाणी साठवून तेच पुन्हा पुन्हा फिरविले जाते. ज्या देशाला पाणी मुबलक आहे, तो देश पाणी मोजून वापरतो. कारखानदारीतही तेच चित्र दिसते. १९८४ मध्ये सुरू झालेली 'एएसएमएल' ही तेथील कंपनी संगणकाच्या सूक्ष्म चकत्या छापणारी यंत्रे बनविते. अत्यंत प्रगत चकत्यांसाठी लागणारी यंत्रे जगात दुसरे कोणीही बनवीत नाही.

उजेडाखालचा अंधार

एखाद्या देशाचे गुण घ्यायचे तर त्याचे दोषही पाहिले पाहिजेत. डचांच्या समृद्धीत परक्यांच्या घामाचा मोठा वाटा आहे. १८३० पासून जावा बेटावरील शेतकऱ्यांकडून त्यांनी सक्तीने ऊस, नीळ आणि कॉफी पिकवून घेतली. दक्षिण अमेरिकेतील सुरीनाममध्ये गुलामगिरी बंद झाल्यावर मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले. 'लल्ला रूख' हे पहिले जहाज जून १८७३ मध्ये तेथे पोहोचले. उत्तर प्रदेश-बिहारकडील त्या श्रमिकांनी मळ्यांतही आपले सण आणि आपली भाषा जपली. त्यांचे लाखांच्या घरातील वंशज आज नेदरलँड्समध्ये स्थायिक असून हेग शहरात त्यांची मंदिरे आहेत. गुलामगिरीतील आपल्या सहभागाबद्दल डच सरकारने २०२२ मध्ये आणि राजाने २०२३ मध्ये जाहीर क्षमा मागितली.

दुसरा दोष घरचाच. १९५९ मध्ये ग्रोनिंगन प्रांतात नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. सहज आलेल्या पैशाने चलन महाग झाले आणि इतर उद्योगांची निर्यात खचली. अर्थशास्त्रात या विकाराला 'डच रोग' हे नावच पडले. पुढे उपशामुळे भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांना तडे गेले आणि अखेर २०२४ मध्ये ते क्षेत्र कायमचे बंद करण्यात आले. अतिरेकी पशुपालनाचाही असाच झटका बसला. जमिनीत आणि हवेत नत्र वाढल्याने २०१९ मध्ये न्यायपीठाने सरकारचे धोरण रद्द ठरविले आणि संतप्त शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगकडे निघाले.

जतकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी घटना ऑगस्ट २००३ मधील आहे. विल्निस या गावचा कालव्याचा बांध रात्रीत सरकला आणि वस्तीत पाणी शिरले. कारण वादळ नव्हते, पूरही नव्हता. त्या उन्हाळ्यातील अवर्षणाने बांधाची माती वाळून हलकी झाली होती. पाण्याच्या देशालाही दुष्काळाने बुडविले.

जतची भूमी

आता आपल्या भूमीकडे वळू. जत हा सांगली जिल्ह्यातील सर्वांत विस्तीर्ण तालुका. त्याचे क्षेत्र सव्वादोन हजार चौरस किलोमीटरच्या घरात, म्हणजे जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास होती. पूर्वेला आणि दक्षिणेला कर्नाटक. माडग्याळ, संख, उमदी या पट्ट्यात मराठी आणि कन्नड एकाच घरात बोलली जाते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मोजक्या दिवसांत. खाली बेसाल्टचा कातळ, वर हलकी जमीन. बोर नदी पावसाळा संपताच कोरडी पडते.

या भूमीने माणसाला काटक केले. खिलार बैल आणि माडग्याळची उंच, बाकदार नाकाची मेंढी ही येथील पशुपालकांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या निवडीची फळे आहेत. बाजरी, ज्वारी, तूर यांच्या जोडीला डाळिंब आले आणि बिळूरसारख्या गावांत द्राक्षाच्या बागा उभ्या राहून बेदाण्याची शेड दिसू लागली. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु दिवाळी सरली की कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन, पोराबाळांसह कोयता उचलून उसाच्या पट्ट्यात जातात, हेही तितकेच खरे आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये या जिल्ह्याने एक विलक्षण दृश्य पाहिले. सांगली शहर आणि कृष्णाकाठ महापुरात बुडालेला, माणसे छपरांवरून बोटीत उतरविली जात होती. आणि त्याच आठवड्यात जत तालुक्यात टँकर चालू होते. दोहोंमधील अंतर शंभर किलोमीटरही नाही. एकाच जिल्ह्याच्या पश्चिमेला नेदरलँड्सचे संकट आणि पूर्वेला जतचे. हा निसर्गाचा खेळ खराच. परंतु नियोजनाने तो कितीतरी सौम्य करता आला असता.

उपशाचे पाणी, बिलाचा प्रश्न

जत कृष्णेपेक्षा उंचावर आहे. पाणी आपल्या पायाने येथे येणार नाही. ते उचलूनच आणावे लागेल. कृष्णा-कोयना उपसा सिंचन प्रकल्पाला १९८४ मध्ये मान्यता मिळाली. म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने मिरज, कवठे महांकाळ आणि जतकडे आणायचे, अशी ही योजना. जतच्या पश्चिम भागात पाणी पोहोचेपर्यंत एक पिढी म्हातारी झाली. पूर्वेकडील गावांनी तर २०१२ मध्ये उद्वेगाने कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्याच ठरावांचा आधार घेऊन या गावांवर हक्क सांगितला, तेव्हा मुंबईला जाग आली आणि सुमारे दोन हजार कोटी रुपयांच्या विस्तारित म्हैसाळ योजनेचा मार्ग मोकळा झाला. महाराष्ट्राशी असलेली या गावांची निष्ठा कधीच पातळ नव्हती. तहानेची हाक चार दशके कोणी ऐकली नव्हती, एवढेच.

योजना पूर्ण होणे हा मात्र अर्धाच प्रवास आहे. नेदरलँड्स पाणी बाहेर फेकण्यासाठी पंप चालवितो, जत पाणी आत आणण्यासाठी. दोघांचेही जगणे पंपावर, आणि पंप चालतो विजेवर. थकलेल्या वीजबिलामुळे म्हैसाळचे पंप बंद पडल्याचे प्रसंग या जिल्ह्याने वारंवार पाहिले आहेत. पुढे बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलावा असे सूत्र ठरले. ते रास्तच आहे. कारण एवढ्या उंचीवरच्या उपशाचा पूर्ण खर्च कोरडवाहू शेतकऱ्याला पेलणारा नाही. परंतु हे एकोणीस टक्के कोण, कसे आणि कोणाला हिशेब देऊन गोळा करणार, या प्रश्नावरच जतचे भवितव्य अवलंबून आहे. ज्याचा ऊस कारखान्याला जातो त्याच्या बिलातून पाणीपट्टी कापली जाते. ज्याच्याकडे बाजरी आणि मेंढ्या आहेत, त्याचे काय? वरच्या गावाने चारी फोडून घेतली आणि शेवटच्या गावाला आवर्तनच पोहोचले नाही, तर त्याने पट्टी का भरावी?

फावडे आपल्याकडेही होते

याचे उत्तर शोधण्यासाठी हॉलंडला जाण्याची गरज नाही. खानदेशात पांझरा आणि मोसम नद्यांवर शतकांपूर्वीपासून 'फड' पद्धत नांदली. गावाची ओलिताखालची जमीन फडांत विभागलेली, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते पंचांनी ठरवायचे आणि पाणी देण्याचे काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी 'पाणी पंचायत' उभी केली. पाणी जमिनीच्या नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर मिळेल, भूमिहीनालाही त्याचा वाटा असेल, उसाला पाणी मिळणार नाही आणि खर्चाचा हिस्सा लाभार्थीच उचलेल, असे तिचे नियम होते. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांनी संपूर्ण धरणाच्या पाण्याचे व्यवस्थापन हाती घेऊन दाखविले. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे हे तर याच जिल्ह्यातील विसापूरचे. त्या योजनेतून खोदलेले पाझर तलाव आजही पाणी धरून आहेत.

कायदाही अनुकूल आहे. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा अधिनियम महाराष्ट्राने २००५ मध्येच केला. त्यानुसार पाणी वापर संस्थेला घनमापनाने पाणी मोजून घेता येते, पट्टी आकारता येते आणि वाटपाचे वेळापत्रक ठरविता येते. उणीव कायद्याची नाही. संस्था कागदावर नोंदल्या जातात, एक-दोन बैठका होतात आणि पहिले आवर्तन चुकले की सारे थंडावते.

म्हणून विस्तारित योजनेचे पाणी पूर्व भागात पोहोचण्यापूर्वीच काही कामे गावोगावी झाली पाहिजेत. प्रत्येक वितरिकेवर संस्था नोंदवावी आणि तिच्या कार्यकारिणीत शेवटच्या गावाचा, मेंढपाळाचा आणि बागाईतदाराचाही प्रतिनिधी असावा. चारीच्या मुखाशी मोजणीचे साधन असावे आणि त्याची नोंद चावडीवर लागावी. पाण्याचे पहिले आवर्तन शेवटच्या गावापासून सुरू करावे. पिकांची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी, कारण उपशाच्या पाण्यावर ऊस वाढला तर विस्तारित योजनाही दहा वर्षांत अपुरी पडेल. लहान संस्थांचा तालुक्याचा एक संघ असावा, म्हणजे झीलँडच्या दुबळ्या मंडळांची गत येथे होणार नाही. आणि पावसाचे जे पाणी शिवारात पडते, ते पाझर तलावात आणि बांधबंदिस्तीत अडविण्याचे काम उपशाचे पाणी आले म्हणून सोडू नये.

एका बाजूला सातशे-आठशे वर्षे बांधावर पहारा देणारा वलंदेज आणि दुसऱ्या बाजूला दुष्काळातही मेंढरे जगविणारा माडग्याळचा मेंढपाळ. चिकाटीत दुसरा पहिल्याहून तसूभरही कमी नाही. त्याच्याजवळ आजवर पाणी नव्हते आणि ते सांभाळणारी संस्था नव्हती. पाणी आणण्याचे कर्तव्य शासनाचे आहे आणि त्यासाठी आग्रह धरलाच पाहिजे. संस्था उभी करण्याचे काम मात्र मुंबईहून कोणी येऊन करणार नाही. ते जतच्या गावांनी, घराघरांतील कर्त्या पुरुषांनी आणि ज्यांच्या डोक्यावर आजवर हंडा राहिला त्या मायमाउलींनी, पाण्याचा पहिला लोट येण्याआधीच हाती घ्यायचे आहे.